पुसलेला आवाज

आईचा आवाज माझ्या हातून पुसला गेला, तेव्हा मी काय पुसावं आणि काय पुसू नये याच्याच सूचना लिहीत होतो.

माझी नोकरी तशीच आहे. गेम बनवणाऱ्यांसाठी आमच्या कंपनीने एक एआय एजंट काढला आहे, म्हणजे संगणकातला हरकाम्या. त्याला फाइली पुसण्याचं एक साधन दिलं आहे. ते कसं वापरावं, हे मी मालवणात घरी बसून लिहितो. त्या सकाळी मी लिहिलं, ‘पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही. ती कायमची जाते.’ वाक्य झकास जमलं होतं. ते खरं आहे का, हे पाहावंसं वाटलं.

प्रयोगाला मी बायकोने, सायलीने, बनवलेला गेम उघडला. (प्रत काढून घ्यायला हवी होती. कंटाळा केला.) तिच्या गेममध्ये मासळीबाजार आहे आणि त्यातल्या कोळणीला माझ्या आईचा आवाज आहे. आईने आयुष्यभर मासे विकले, त्यामुळे तिला अभिनय करावा लागला नव्हता. दुपारी चार वाजता पुण्याची पार्टी व्हिडिओ कॉलवर तो गेम बघणार होती. आवडला तर पैसे घालणार होती.

मी एजंटला म्हटलं, वापरात नसलेल्या फाइली पूस. त्याने क्षणात कळवलं, ‘काम झालं. प्रकल्प आता नीटनेटका आहे.’

थोड्या वेळाने आतून सायलीचा आवाज आला. फार शांत होता, म्हणून मी घाबरलो.

“संदीप, कोळीण तोंड हलयता, पण बोलना नाय. तू काय केलंस?”

सायलीने ते आवाज गेम चालू असताना फाइलीच्या नावाने शोधून आणायची सोय केली होती. एजंटला ते कुठेच जोडलेले दिसले नाहीत, म्हणून त्याने ते केर समजून काढले.

“दुसरी प्रत आसतली मा?” मी विचारलं.

“आसा. आईंचो आवाज घेवच्या आधीची.”

“मोबाइलात मूळ रेकॉर्डिंग?”

“मोबाइल भरलो म्हणान तूच काढून टाकलंस.”

आणि आई गल्लीतल्या बायकांबरोबर कुणकेश्वराला गेलेली. माइक पिशवीत टाकून मी स्कूटर काढली. आचऱ्यापर्यंत देवाचं नाव घेतलं, पुढे सायलीचे फोन घेतले.

आई दर्शन घेऊन किनाऱ्यावर बसली होती. वारा इतका, की माइकमध्ये नुसता समुद्र येत होता. शेवटी बायकांच्या टेम्पोच्या काचा वर करून आम्ही सगळे आत बसलो. आईने पदर सावरला आणि रेडिओवरच्या बाईसारखी म्हणाली, “या, ताजे बांगडे घ्यावेत.”

“आई, तसा नको. बाजारात बोलतंस तसा बोल.”

“ताजे बांगडे घेण्याची कृपा करावी.”

मागच्या सीटवरच्या बायका हसायला लागल्या, आई आणखीच अवघडली. घाम माझ्या नाकावरून माइकवर ठिबकत होता. सायलीचा परत फोन आला. तो आईने ऐकला.

“पण एकदा बोललंय नाय मी? ता खंय गेला?”

मी खरं सांगितलं. “मी पुसलंय.”

आईने माझ्याकडे पाहिलं. “मेल्या, वरडान वरडान माझो घसो बसलो, त्या घशार तुका शिकयलंय, आणि तू तोच पुसलंस? घेवचा नाय, देवचा नाय, नुसतो हात लावन सगळ्याची वाट लावतंस. जा, वाटेक लाग. परत माझ्या समोर दिसलंस तर बघ.”

माइक चालू होता.

मी टेम्पोतून उडी मारली, इंटरनेट मिळेपर्यंत चढ चढलो आणि ते रेकॉर्डिंग तसंच पाठवून दिलं. मग रस्त्याकडेला बसून राहिलो.

सायलीचा फोन आला तेव्हा उन्हं कलली होती. पुसण्याबद्दलचं कापून तिने आईच्या शिव्या कोळणीच्या तोंडी घातल्या होत्या. पुणेकर आधी दचकले, मग हसले आणि त्यांनी परत ऐकवायला सांगितलं.

“पैसे घालतत,” ती म्हणाली. “पण तेंची एक अट आसा. कोळीण ज्याच्यार इतकी तापली, तो मनीस पण गेममध्ये होयो.”

तो माणूस आता जवळजवळ तयार आहे. चेहरा माझाच आहे. ढेरी मात्र सायलीने कमी केली आहे, कारण खरी आहे तेवढी दाखवली तर लोकांना ती अतिशयोक्ती वाटेल.