आईने घेतलेलं नाव

ओल्या लोकरीच्या कोटाचा वास आला की मला मँचेस्टरच्या म्युझियममधली आई आठवते. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. माझा कोट घालून ती एका इजिप्शियन शवपेटीपुढे उभी होती. हजारो वर्षांनीही पेटीवरची निळी अक्षरं ताजी दिसत होती.

"काय लिहिलंय गं?" तिने मला विचारलं.

"त्या माणसाचं नाव. कोणीतरी नाव घेत राहिलं की माणूस जिवंत राहतो, असं ते लोक मानायचे."

"किती शहाणे लोक," ती म्हणाली. मग जन्मभर बाबांना नुसतं 'अहो' म्हणणारी माझी आई काचेकडे बघत हळूच म्हणाली, "वसंत."

तेव्हा मला फक्त नवल वाटलं होतं. आता आईही नाही. भिजलेला तोच कोट खुंटीवर टांगताना मी दोघांचीही नावं मोठ्याने घेते.