जाळीपलीकडचा माणूस

मी चौथी नापास. पण कावीळ उतरवण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, हे इथे आखातात, वादी अदाईतल्या कुणाही जुन्या माणसाला विचारा. तिथे सुतारकाम करत होतो तेव्हा दर शुक्रवारी खोलीबाहेर चपलांचा ढीग पडायचा. रीत माझ्या आईची. रोग्याच्या हातांना आंब्याच्या सालीचा रस चोळायचा आणि वाडग्यातल्या चुन्याच्या निवळीत हात धुवायचे. पाणी हळदीसारखं पिवळं झालं की समजायचं, कावीळ उतरली. आणि पाणी पिवळं झालं नाही, असं माझ्या हातून कधी झालं नाही.

आता मी मुलाकडे अल खौदला असतो. नात इथल्याच युनिव्हर्सिटीत शिकते. गेल्या थंडीत तिला एक काम मिळालं. फार पूर्वी परदेशातल्या डॉक्टरांनी एका तापाचं मूळ शोधलं. तेव्हाची त्यांची पत्रं, रोग्यांचे तक्ते, सगळं कुठल्याशा लायब्ररीने कॉम्प्युटरवर चढवलंय, ते वाचून टिपणं काढायची. कसला ताप, मी विचारलं.

"पिवळा ताप, आबा. डोळे येलो होतात."

"मग सरळ कावीळ म्हण की."

नाही म्हणाली, हा आजार वेगळा. मी ऐकतोय होय? डोळे पिवळे ती कावीळ. माझ्या विद्येची पत्रं घरात आली म्हटल्यावर मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो तो बसलोच.

रोज संध्याकाळी ती वाचायची आणि मोडक्यातोडक्या मराठीत मला सांगायची. काय ती पत्रं! एकाच कागदावर वर मुलाबाळांची चौकशी आणि खाली काचेच्या नळीत पाळलेला डास. एका डॉक्टरला डास चावला, ताप चढला, आणि नेमकं तिथं सून जेवायला हाक मारते. मी पोरीला उठू दिलं नाही. मेला की वाचला ते सांग आधी. मेला. 

मग खोल्यांची हकिगत आली. लोक म्हणायचे, ताप रोग्याच्या अंथरुणातून लागतो. तर एका खोलीत धडधाकट माणसं त्या घाणेरड्या अंथरुणांवरच निजवली. कुणाला काही झालं नाही. दुसरी खोली स्वच्छ, मधोमध बारीक जाळी. हवा तीच, अन्न तेच, फक्त डास जाळीच्या एकाच बाजूला. त्या बाजूचा माणूस तापाने फणफणला. पलीकडचे ठणठणीत. मी मांडीवर थाप मारली. सुताराला जाळीचं महत्त्व कुणी सांगायला नको.

त्याच आठवड्यात आमच्या गावाकडचा एक जण आला, किनाऱ्यावरच्या बरक्याला मासळीची गाडी चालवणारा. डोळे पिवळेजर्द. तिथल्या बागेतली आंब्याची साल स्वतःच घेऊन आलेला. दवाखान्यात गेलो तर अर्बाबला, म्हणजे मालकाला, कळेल आणि तो मला गावी धाडेल, म्हणाला. "तात्या, तुम्ही उतरवा, खलास."

मी वाडगा मांडला. त्याचे हात धुतले, पाणी पिवळं झालं. त्याचा चेहरा उजळला. एवढ्यात नात म्हणाली,

"आबा, तुमच्या जाळीपलीकडे कोण आहे?"

मला कळेना. ती म्हणाली, जे आजारी नाहीत त्यांचे हात तुम्ही कधी धुतले?

"निरोग्याचे हात कशाला धुवायचे? त्याची हळद आहे काय?" मी खेकसलो. पण त्या पत्रांतली जाळी काही डोक्यातून जाईना. दुसरा वाडगा आणला. माझे हात चोळले, बुडवले. पिवळं. तिसऱ्यात नातीचे बुडवले. पिवळंजर्द.

मासळीवाला तिन्ही वाडग्यांकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "तात्या, म्हणजे तुम्हालापण झालीय?"

मी इतका हसलो की सून स्वयंपाकघरातून धावत आली. हसण्यासारखं काय होतं, तर मला दिसलं होतं. त्या डॉक्टरांना जे दिसलं तसलंच काहीतरी माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच वाडग्यांत. रंग सालीचा आणि चुन्याचा. पण समोरच्या माणसाचे डोळे तसेच पिवळे होते आणि तो आता निश्चिंत घरी निघाला होता.

"तुझी उतरली की नाही, हे या पाण्याला ठाऊक नाही," मी म्हटलं. "यल्ला, गाडीत बस. दवाखान्यात जायचं."

तो अर्बाबचं नाव काढू लागला. मी त्याचाच फोन घेतला आणि माझ्या सुतारी अरबीत अर्बाबशी बोललो. माणूस आजारी आहे, बरा झाला की गाडीवर येईल. तिकडून उत्तर आलं, इन्शाल्ला, आधी बरा होऊ दे. एवढ्यासाठी हा डोळे पिवळे करून हिंडत होता. मुलाने दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी ठेवून घेतलं. लिव्हर सुजलं होतं. वेळेवर आणलंत म्हणाले. आज तो पुन्हा गाडीवर आहे.

लोक अजून माझ्याकडे येतात. मी कुणाला परत पाठवत नाही, साल आणि चुना घरात असतोच. फक्त आता मी दोन वाडगे मांडतो. एकात त्यांचे हात, एकात माझे. दोन्ही पिवळे झाले की मुलाला म्हणतो, गाडी काढ.