दुधाचा पेला
हळद शिजल्याचा वास आला की वसमतकडचं आमचं पिवळंधमक अंगण आठवतं. लेक दोन वर्षांची होऊनही बोलत नव्हती. बोल फुटावा म्हणून सासूबाई रोज तिच्या जिभेला वेखंड लावायच्या. अंगणवाडीच्या ताई मलाच म्हणाल्या, "बोट दाखवलं की तुमी देऊन राहिल्या, मग लेकरू काहून बोलंल? नाव घ्या अन् जरा थांबा." त्याच दुपारी तिनं दुधाकडं बोट केलं. "दूध पाहिजे?" म्हणत मी पेला धरून तिच्यासमोर बसले. सासूबाई कडाडल्या, "काहून छळून राहिली लेकराला?" मी पेला तसाच धरून ठेवला. तेवढ्यात तिचे ओठ पुढं आले, "दू." अंगणात हळद पसरणाऱ्या बायांचे हात थांबले. आता पुण्याहून तिचा फोन येतो. कधी ती गप्पच असते. मी काही विचारत नाही; नुसती थांबते.