आधी सील, मग चहा

केळुसकर साहेबांची आणि माझी पहिली ओळख चहावरून झाली, तीही त्यांनी तो परत पाठवला म्हणून. अणुवीज केंद्रात मी नवा होतो. आमच्या भट्टीचं इंधन शस्त्रांकडे वळत नाही ना, हे पाहायला परदेशी निरीक्षक आले होते. मी लगबगीने ट्रे पुढे केला. साहेब म्हणाले, "आधी त्यांना इंधनावर लावलेली त्यांची सीलं पाहू द्या. चहा पोटात गेला की माणसाला भीड पडते." निरीक्षकांनी मनात काय म्हटलं असेल, देव जाणे!

निवृत्तीनंतर साहेब मीरा रोडला आले, ते हा हट्ट सोबत घेऊनच. सगळ्याच मुलकी अणुभट्ट्या आंतरराष्ट्रीय तपासणीखाली असाव्यात का, यावर आमच्या अभ्यासमंडळात चर्चा ठेवली होती. साहेब तपासणीच्या बाजूने बोलले. विरोधात उठले ते जवळच्याच मोरवा गावचे हरेश्वर पाटील, केंद्रातले आमचे फोरमन आणि साहेबांचे जिवलग मित्र.

"साहेब, घर आपला, कुलूप आपला, न परक्यानं येऊन बगायचा? मोठ्या देशांचा कोन बगते?"

"मोठ्या देशांचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही," साहेबांनी सरळ कबूल केलं. "पण आपण नुसतं 'विश्वास ठेवा' म्हटल्यानं शेजाऱ्याची भीती जात नाही."

पाटील तडक निघून गेले. दर रविवारी ते साहेबांकडे यायचे, तेही बंद झालं. दारावरची बेल वाजली की साहेबांची मान वर व्हायची. मला फार वाईट वाटे.

मग साहेबांच्या सोसायटीत टाकीचं पाणी घाण येतं म्हणून कुरबुर सुरू झाली. सोसायटीचे अध्यक्ष खुद्द साहेबच. "अंकल, आप बोल रहे हो तो साफ ही होगा," म्हणत शेजारी विषय मिटवायला तयार होते. साहेबांना ते पटेना. मला घेऊन ते रिक्षाने थेट मोरव्याला गेले.

"पाटील, टाकी तपासायला बाहेरचा माणूस हवाय. तुम्ही माझ्यावर रागावलेले आहात, म्हणून तुम्हीच या."

पाटील आले. केळुसकर वहिनींनी कप पुढे केला, तर म्हणाले, "चाय मंग, वैनी. आदी टाकी." गच्चीवर झाकण उघडून त्यांनी टॉर्च मारला. "तळाला घान हाय, साहेब. धुवाला पायजे." साहेबांना इतकं खुशीत हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

अणुभट्ट्यांवर दोघांचं आजही एकमत नाही. टाकी मात्र पाटीलच तपासतात, आणि नंतरचा चहा वाद घालत घालत होतो. पंचाहत्तरी गाठलेल्या आमच्या साहेबांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, आणि दर रविवारी त्यांच्या दारावरची बेल पाटलांनीच वाजवावी.