धारोष्ण दुधाबरोबरची गोळी

म्हशीच्या सडातून सुटलेली धार स्टीलच्या पेल्यात पडते तेव्हा आधी कोरडा, धातूचा नाद उठतो. पेला भरत जातो तसा तो मऊ आणि जड होत फेसात बुडून जातो. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर तुम्ही एखाद्या संध्याकाळी उभे राहिला असाल, तर हे सांगायला नको. ऊन दुधाचा, शेणाचा आणि रिक्षांच्या धुराचा एकत्र वास, त्यात एका दमात रिकामे होणारे पेले आणि मग मनगटाने पुसल्या जाणाऱ्या मिशा. माझा मामा त्या मिशावाल्यांतलाच. ‘दुधानं कुणाचं वाईट झालंय व्हय?’ हे त्याचं सगळं वैद्यकशास्त्र. माझंही तेच होतं, हे कबूल करणं आज जड जातं.

मामा पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवून त्याचं घर चाललं आणि माझ्या मोर्चांचे फलक त्याने हौसेने रंगवले. दोन वर्षांपूर्वी त्याचं अक्षर बारीक होऊ लागलं. ओळीच्या आरंभी हत्ती आणि अखेरीस मुंगी. मी त्याला चारचौघांत सुनावलं, ‘मामा, लोक काय दुर्बीण घेऊन येणार हायत?’ तो हसला आणि ब्रश धुवायला गेला. पुढे हात थरथरू लागला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, अक्षर आक्रसत जाणं ही कंपवाताची वर्दी असते. माझं ते वाक्य मी आता कुठून परत आणू?

औषधाचं नाव लेव्होडोपा. टायरोसीन नावाचं एक अमिनो आम्ल आपल्या शरीरात असतंच. त्याला ऑक्सिजन-हायड्रोजनची आणखी एक जोडी चिकटली की झालं हे द्रव्य. पन्हाळ्याच्या वाटेवर कुंपणांवरून मखमली शेंगा लोंबतात आणि अंगाला लागल्या तर माणूस खाजवून बेजार होतो, त्या खाजकुइलीच्या बियांत निसर्गाने तेच साठवून ठेवलं आहे. जिला आपण जन्मभर शिव्या घातल्या, तिच्याच उदरात थिजल्या देहाला हलवणारं सत्त्व असावं ना! कंपवातात मेंदूला टंचाई असते डोपामीनची. पण ते बाहेरून दिलं तर मेंदूच्या वेशीवरच अडवलं जातं. लेव्होडोपाला मात्र आत प्रवेश आहे. आत गेल्यावर त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि डोपामीन उरतं. किती विनम्र, किती काटकसरी रचना. पण हे सगळं मी नंतर वाचलं. तेव्हा मला फक्त राग येत होता, आणि राग आला की पत्रक काढायचं, एवढंच मला चळवळीनं शिकवलेलं.

राजारामपुरीतल्या एका धर्मादाय दवाखान्यातून मामाला गोळ्या फुकट मिळत. पहिले काही आठवडे हात सुधारला. संध्याकाळी तो पुन्हा पाट्या रंगवायला बसू लागला. त्या आनंदात मीच सुचवलं, संध्याकाळची गोळी कट्ट्यावर दुधाबरोबर घे, अंगात ताकद येईल. पंधरवडा झाला नसेल, संध्याकाळ परत थिजली. ब्रश बोटांत, आणि बोटं लाकडाची. नेमक्या त्याच सुमारास गोळ्यांच्या पट्टीचा रंग बदलला होता. मला आणखी काय पुरावा हवा होता? ‘गरिबांच्या माथी बनावट गोळ्या’ असं पत्रक मी एका बैठकीत लिहिलं, पाच उद्गारचिन्हांसकट, आणि दवाखान्याच्या दारातच वाटायला लागले.

तिसऱ्या दिवशी औषधांच्या खिडकीवरच्या बाई माझं पत्रक हातात घेऊन बाहेर आल्या. रोज जयसिंगपूरहून एसटीने येणाऱ्या, आवाज न चढवणाऱ्या बाई. मामा सकाळची गोळी कशाबरोबर घेतो, त्यांनी विचारलं. पाण्याबरोबर. लागू पडते? पडते. पट्टी कुठली? तीच, नव्या रंगाची. मग संध्याकाळची? मी कट्ट्याचं सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला. ‘अगं, दुधातल्या प्रथिनांची अमिनो आम्लं आणि ही गोळी एकाच दारानं आत जातात. त्या दारात तू म्हशी आणून बांधल्यास की.’ मग आवाज आणखी खाली आला. ‘तुझं पत्रक वाचून चौघांनी गोळ्या परत आणून टाकल्यात. कबनूरचे एक यंत्रमागवाले आजोबा तर खुर्चीतनं उठंनात.’

ज्या दुःखाला शत्रू नसतो ते आपल्याला सहनच होत नाही. म्हणून आपण एक शत्रू शोधून त्याच्या दारात उभे राहतो, आणि दारातून बाहेर येते ती आपलीच चूक.

घरी सांगितलं तेव्हा मामाने एकच विचारलं, ‘म्हंजे कट्टा बंद म्हण की.’ दुधासाठी नाही तो तिथं जात. त्याची माणसं तिथं असतात. डॉक्टरांनी मार्ग काढून दिला: गोळी पाच वाजता पाण्याबरोबर, दूध साडेसहाला. आता साडेपाच-पावणेसहाच्या सुमारास हात जागा होतो. पूर्वीचा झालेला नाही, होणारही नाही. ही गोळी रोग थांबवत नाही, दिवसातले काही तास तेवढे परत देते. त्या तासांत मामा पाट्या रंगवतो, आणि मी शेजारी रंगाचा डबा धरून बसते.

माफी मागायला गेले तर बाई म्हणाल्या, ‘माफी ऱ्हाऊ दे. गोळी कधी अन् कशाबरोबर घ्यायची, ते मोठ्या अक्षरात लिहून आण.’ मामाने एका संध्याकाळी ते रंगवून दिलं. मी खिडकीशेजारी चिकटवत होते, तेव्हा मागे एक बाई मोठ्याने वाचत उभी राहिली. कबनूरच्या त्या आजोबांची सून. गोळ्या परत सुरू केल्यात, आता धरून उठतात, म्हणाली. पत्रक मीच वाटलेलं, हे मी तिला सांगितलं. ती कागदाकडे वळली.

‘दुधाचं कळलं. सासऱ्यास्नी ताक लागतंय. त्यालाबी हेच व्हय?’

उत्तर ओठांवर आलं होतं. माझ्या ओठांवर ते नेहमीच असतं.

‘मला माहीत न्हाय, वैनी. विचारते,’ मी म्हणाले, आणि खिडकीपुढच्या रांगेत जाऊन उभी राहिले.