डाव्या अंगाची पाच बटणं

कीबोर्डमध्ये माणसाचं किती अंग सांडतं, हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं. न कळतं तर बरं झालं असतं.

भवानी पेठेतल्या एका गल्लीत माझं टायपिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाऊबंदकीतली लांबलचक निवेदनं, मराठीत जे जे छापायचं ते माझ्या बोटांखालून जातं. मी शिकले लोखंडी टाइपरायटरवर. त्यामुळे माझी बोटं अजून त्या जुन्या मराठी मशीनच्या हिशेबानंच पडतात आणि बटणावर कुठलं अक्षर छापलंय याच्याशी मला काही देणंघेणं नसतं. सत्तावीस वर्षांत माझ्या दुकानातून चुकीचं अक्षर बाहेर गेलं नाही, असं पेठेत लोक म्हणतात. म्हणजे आधी मी म्हणते, मग लोक म्हणतात.

गेल्या वर्षी उजव्या हाताची अनामिका बिघडली. सकाळी उठावं तर ती तळहाताकडे वाकून बसलेली. दुसऱ्या हातानं धरून सरळ केली की गवारीची शेंग मोडल्यासारखा आवाज यायचा आणि कोपरापर्यंत कळ जायची. डॉक्टरांनी बोट दाबून बघितलं आणि टायपिंग बंद करा म्हणाले. बंद करून मग काय करू, ते काही त्यांनी सांगितलं नाही. घरी बसून पापड लाटायचे तरी बोट लागतंच. मला दुसरं काही येत नाही आणि यावं असं कधी वाटलंही नाही. दुकानाचं शटर खाली ओढायचं नुसतं मनात आणलं तरी मला रडू यायचं.

माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "आई, माझा मेकॅनिकल कीबोर्ड वापरून बघ की. लई हलका आहे. नुसतं बोट टेकवलं तरी दाबलं जातंय." तिनं तो गेमसाठी घेतला होता. परीक्षा जवळ आली होती, तेव्हा कीबोर्ड आठ दिवस दुकानात राहिला तर तिचाही अभ्यास होईल, असा दुहेरी विचार करून मी हो म्हणाले.

नेण्याआधी ती तो कसा वापरते ते एका रविवारी दुपारी मी बघितलं. कानाला हेडफोन लावून, खुर्चीत मांडी घालून ती ओरडत होती, "मार की बे त्याला! मागं आहे बे, मागं!" तिकडून कोण ऐकत होतं देव जाणे. माझी पोर, जिला मी श्लोक शिकवले, ती बे-बे करत माणसं मारत होती. पण त्याचं मला फार वाटलं नाही. मला वाटलं ते ताटाचं. शेजारी कडक भाकरीचे तुकडे आणि शेंगाची चटणी, वर तेल. जरा उसंत मिळाली की हात ताटात, मग तोंडात, मग बोटं चाटून पुन्हा बटणांवर. बटणं अशी चकाकत होती की मला नवी कोरी वाटली होती. तो सगळा तेलाचा तुकतुकीतपणा होता.

"तू पण खेळून बघ," म्हणून तिनं मला खुर्चीत बसवलं. खेळातला माझा माणूस भिंतीला नाक लावून उभा राहिला. मी त्याला वळवायच्या आत कुणीतरी येऊन त्याला मारलं. मुलगी पोट धरून हसली. मी आत जाऊन साबणानं दोनदा हात धुतले.

दुकानात नेल्यावर मी तो साफ करायला घेतला. या कीबोर्डची बटणं एकेक करून उपटता येतात, त्यासाठी एक चिमटा मिळतो. पहिलं बटण उपटलं आणि खाली बघितलं. केस होते. माझ्या मुलीचे लांब केस, बटणांच्या दांड्यांना गुंडाळलेले. भाकरीचा चुरा, चटणीचे लाल कण, नखाचा एक चंद्रकोरीसारखा तुकडा, एक मेलेली माशी, आणि या सगळ्याला एकत्र धरून ठेवणारा तेलकट करडा थर. वर आणखी गंमत म्हणजे खालून दिवे लागलेले. गुलाबी, मग निळे, मग हिरवे, वरातीच्या गाडीसारखे. घाणीला आतून रोषणाई करायची कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला माझा नमस्कार. दिवे बंद कसे करायचे ते मला सापडेना. मी नाकाला पदर लावून, रंग बदलणाऱ्या त्या उकिरड्यातून काडीनं चुरा काढत बसले. दुपारचा डबा मी तसाच परत नेला.

मग वाटलं, दुसऱ्याचं काय बघायचं, आपला जुना तरी बघावा. तो कपाटात ठेवण्याआधी उलटा करून आपटला. जे पडलं ते मी सांगणार नाही. केस पांढरे होते, एवढंच सांगते.

आता आवाज. मागच्या गल्लीत अजून दोन-चार माग चालतात, त्यांचा खटखटाट मला जन्मापासूनच्या सवयीनं ऐकूही येत नाही. पण या कीबोर्डचा आवाज म्हणजे कुणीतरी आपल्या कानाशी तोंड उघडं ठेवून कडक भाकरी चावतंय. गिऱ्हाईक मजकूर सांगताना थांबायचं आणि बटणांकडे बघायचं. एका वकिलाच्या कारकुनानं विचारलं, "बाई, पाऊस आला का पत्र्यावर?" आणि बटणं इतकी हलकी की विचार करायला म्हणून बोट टेकवून थांबावं तर पडद्यावर ककककक. दम घ्यायची सोय नाही. जुन्या मशीनवर अक्षर उमटवायला जोर लागायचा, तेव्हा माणूस निदान मनाशी ठरवून दाबायचा. नाचता येईना अंगण वाकडं, असं मुलगी म्हणाली. मी तिला अभ्यास कर म्हणाले.

पण खोटं कशाला बोलू, तिसऱ्या दिवशी सकाळी बोट सरळ होतं. आवाज नाही, कळ नाही. मी अंथरुणात बसून ते दहा वेळा मिटलं आणि उघडलं. इतकी शिसारी आणणारी वस्तू आपल्याला सोसते, याचा मला रागच आला. म्हणजे दुकान चालू राहणार होतं, पण या भडक, चावऱ्या, तेलकट वासाच्या डबड्याच्या उपकारावर.

मुलीला सांगितलं तर ती खूश झाली आणि दुकानात येऊन तिनं मला आणखी एक सोय करून दिली. या कीबोर्डला डाव्या अंगाला पाच जास्तीची बटणं आहेत, एकाखाली एक. गेममध्ये एक बटण दाबलं की चार चाली एकदम होतात. तिनं त्यांवर माझे रोजचे शब्द बसवून दिले. वरून खाली श्री., लिं., सौ., चि., आणि सगळ्यांत खाली चि. सौ. कां. लग्नपत्रिकेत हेच तर पन्नास वेळा येतं. आमच्याकडे लिंगायत घरांची कामं पुष्कळ असतात. गेलेल्या माणसाच्या नावाआधी ते कै. नाही, लिं. लिहितात. लिंगैक्य झालेले, म्हणून लिं. डाव्या हाताची करंगळी टेकवली की काम झालं. अनामिकेला तेवढाच विसावा.

पाचव्या दिवशी एका कापडवाल्या लिंगायत घराची पत्रिका आली. मुलीकडची बाजू. मुलीचे वडील, दोन काका, आत्या, मामा, पणजोबांपासून नावांची ही रांग. करंगळी वरखाली नाचवत मी ती तासाभरात उरकली. एरवी दीड तास लागला असता.

प्रूफ मी कागदावर देते. आजकाल मोबाईलवर फोटो जातो, तिकडून अंगठ्याचं चित्र येतं, की झालं प्रूफ पास. त्या अंगठ्याचा मला वीट आलाय. कागद घरी न्यायचा, मोठ्यानं वाचायचा, खाली 'वाचले, बरोबर आहे' असं हातानं लिहायचं आणि घरच्या कर्त्या माणसांनी सह्या करायच्या, हा माझ्या दुकानाचा नियम आहे. नवरीचे वडील कागद घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी सह्या करून आणून दिला. पत्रिका छापून गेल्या.

दोन दिवसांनी सकाळी एक म्हातारे गृहस्थ दुकानाची पायरी चढले. कपाळावर भस्माचे पट्टे, स्वच्छ धोतर, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून धरलेली एक पत्रिका. स्टुलावर बसून त्यांनी ती उघडली, माझ्यापुढे ठेवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"ह्यो मी," ते म्हणाले.

ओळ नवरीच्या आजोबांची होती. नावाआधी लिं. छापलं होतं.

"यप्पा, अक्का, यमाच्या आदी तुमीच नंबर लावला की माजा!" असं म्हणून ते हसले. खरंच हसले, खांदे हलवून. पहिली पत्रिका देवापुढे ठेवायला त्यांच्या हातात दिली होती. ठेवण्याआधी त्यांनी ती चष्मा लावून पहिल्यापासून वाचली, तेव्हा त्यांना ते दिसलं. "घरात कुणाला ठावं न्हाय अजून. पोरं लई कामात हायत. म्हणलं, मशीनची चूक असंल, आपणच जाऊन गुपचूप बदलून आणावी. न्हायतर उगं येऊन तुमच्यावर वराडतील."

माझ्यावर कुणी ओरडू नये म्हणून तो माणूस एवढ्या उन्हात आला होता. मला लगेच कळलं होतं काय झालंय ते. श्री.च्या खाली लिं., एक बटण खाली, करंगळी घसरली. आणि टाइप झाल्यावर मी वाचलं होतं ते नाव वाचलं होतं. नावाआधीचं कुणी वाचत नाही. डोळ्यांना ती सवय झालेली असते, तिथं श्री. असणारच असं धरून डोळे पुढं जातात. मी सत्तावीस वर्षं हे काम करते आणि मीच वाचलं नव्हतं, तर कापड विकणाऱ्या माणसांनी काय वाचावं?

हे सगळं मला तेव्हा, त्या क्षणी माहीत होतं. तरी मी घाबरले ते त्यांच्यासाठी नाही. पेठेत काय बोलतील, हे माझ्या मनात आलं. बोट गेलं, आता नावही गेलं, आता शटर ओढायला काय हरकत आहे, हे मनात आलं. आणि मी वळून फायलीतून प्रूफाचा कागद काढला. तो हाताला लागला तेव्हा मला बरं वाटलं. ते बरं वाटणं आठवलं की मला आजही स्वतःची किळस येते. तेवढी किळस मला त्या बटणांखालच्या घाणीचीही आली नव्हती.

"चूक आमची नाही हो, अप्पा," मी म्हणाले. "प्रूफ तुमच्याच घरी गेलं होतं. हे बघा. तिन्ही मुलांनी वाचून सह्या केल्यात."

ते हसायचे थांबले. मघाशी पत्रिका धरली होती तसाच जपून त्यांनी तो कागद घेतला. धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला. आधी स्वतःची ओळ बघितली, तिथंही लिं. होतं. मग बोट खाली खाली नेलं.

"ह्यो थोरला," ते म्हणाले. ती सही कानडीत होती. "ह्यो मधला." मग बोट शेवटच्या ओळीवर नेऊन, "हे धाकट्याचं अक्षर."

धाकट्याच्या वळणदार अक्षरातलं ते त्यांनी हळूहळू मोठ्यानं वाचलं. "वाचले, बरोबर आहे."

कोपऱ्यात कीबोर्ड गुलाबी होत होता, हिरवा होत होता. मला एवढंच बोलायचं होतं, की अप्पा, चूक माझ्या करंगळीची आहे, तुमच्या मुलांची नाही, नावाआधीचं कुणीच वाचत नाही. एवढं बोलायला दम लागत नाही. पण मी म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत नव्या छापून देते."

त्यांनी कागदाची घडी घातली, मला परत दिली आणि गुडघ्यावर हात ठेवून उठले. पत्रिका मात्र पुन्हा पिशवीत घातली. पायरी उतरताना म्हणाले, "सावकाश द्या, अक्का. पोरं म्हणत्यात की, बरोबर हाय म्हणून."