अस्सल ओरखडा

हसायचंय ना? हसा, पण आधी हातातला कप खाली ठेवा. कारण माझा जो पोपट झाला, तो दादरच्या भरल्या हॉलमध्ये, माइकवर झाला!

माझी तीस वर्षं नायगावच्या फिल्म लॅबमध्ये गेली. काम काय? सिनेमाची निगेटिव्ह पुसायची. पांढरे हातमोजे, मखमलीचं फडकं, श्वास रोखलेला. धुळीचा एक कण राहिला तरी पडद्यावर लिंबाएवढा दिसायचा! मग सगळं डिजिटल झालं, लॅब बंद पडली आणि मी परळच्या घरी बसून टीव्हीची काच पुसायला लागलो.

एके दिवशी दिन्या आला. दिन्या म्हणजे आमच्या चाळीतला, माझा शाळेपासूनचा मित्र. म्हणाला, "दादरला सिनेमांचा फेस्टिव्हल आहे. नवीन पोरं स्वतःच्या हिमतीवर बनवतात. चल."

"डिजिटल असणार. मी नाय बघत. त्यात जीव नसतो."

"अरे चल ना, एसी आहे!"

गेलो. पहिलाच सिनेमा सुरू झाला आणि मी खुर्चीत ताठ! ब्लॅक अँड व्हाइट. वरळीच्या चाळीत एकटी राहणारी म्हातारी भाकरी थापतेय. आणि पडद्यावर काय? ती फिल्मच्या बारीक दाण्यांची रवाळ ग्रेन, उडती धूळ, मधूनच एक उभा ओरखडा! मी दिन्याचा दंड धरला. "फिल्म आहे रे! खरी फिल्म!"

डोळ्यांत पाणी आलं हो. म्हणजे कुठेतरी एखादी लॅब अजून चालू आहे!

सिनेमा संपला. दिग्दर्शिका पुढे आली. मृण्मयी नावाची, पंचविशीतली पोरगी. "कुणाला काही विचारायचंय?"

माझा हात वर!

"बस खाली," दिन्या कुजबुजला. "शायनिंग मारू नको."

मी कसला बसतोय! माइक घेतला आणि सुटलोच. "मी तीस वर्षं निगेटिव्ह हाताळलीय. हे डोळे फसत नाहीत. डिजिटलवाल्यांनो, बघून घ्या! असा ओरखडा कॉम्प्युटरच्या बापाला जमणार नाही!" टाळ्या पडल्या. मला आणखी चेव आला. "मुली, फक्त एवढं सांग, फिल्म धुतलीस कुठे?"

ती बिचारी माइकशी चाळा करत राहिली. "काका... मोबाइलवर शूट केलंय. ग्रेन, धूळ, ओरखडे... नंतर लॅपटॉपवर टाकले."

हॉल असा हसला म्हणून सांगू! मी खाली बसलो. खरं तर खुर्चीखाली जागा आहे का बघत होतो.

"दिन्या, निघू या."

"आत्ता? बाहेर ऊन बघ. अजून तीन सिनेमे आहेत."

बसलो. तिन्ही डिजिटल. एकात एक मुलगी आजारी बापाची दाढी करतेय, बस्स एवढंच. ग्रेन नाही, धूळ नाही, चित्र लख्ख. खोटं कशाला बोलू? माझा रुमाल भिजला. दिन्यानं पाहिलं आणि मेल्यानं स्वतःचा रुमाल पुढे केला.

बाहेर पडलो तर मृण्मयी मागून धावत आली. "काका, सॉरी हं. पण खरे ओरखडे तुम्हीच पाहिलेत. पुढच्या सिनेमाला मला शिकवाल?"

आता बोला! जन्मभर ज्यानं ओरखडे टाळले, त्यानं ते पाडायला शिकवायचे! पण पोरीनं विचारलं इतक्या मनापासून, की नाही म्हणवेना.

गेल्या रविवारी तिच्या घरी गेलो. तिनं माउस माझ्या हातात दिला. तासभर खपलो. तीस वर्षांचा अनुभव पणाला लावून एक ओरखडा काढला. असा अस्सल, की माझाच मला अभिमान वाटला!

तिनं मान तिरकी करून बराच वेळ बघितलं.

"काका, वाईट वाटून घेऊ नका... पण हा जरा खोटा वाटतोय."